दवा आणि दुआ : रत्नागिरी जिल्ह्यातील मुस्लिम कुटुंबांचा उपचारमार्ग

प्रास्ताविक

आजारी पडलेला माणूस प्रथम कोठे जातो, या प्रश्नाची चर्चा मराठीत बहुधा विज्ञान आणि अंधश्रद्धा यांच्या द्वंद्वातून केली जाते. रुग्ण मुस्लिम असला की हे द्वंद्व अधिकच ठळकपणे मांडले जाते. दर्ग्याच्या ओसरीवर बसलेला रुग्ण दवाखान्यात गेलेलाच नसणार, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः अशा रुग्णाच्या पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठी, क्ष-किरण तपासणीचा लिफाफा आणि दम केलेल्या पाण्याची बाटली एकत्र असणे मुळीच अपवादात्मक नाही. ही सरमिसळ वैचारिक गोंधळातून होत नाही, तर तिच्यामागे एक सुसंगत विचार आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील मुस्लिम कुटुंबे परवडणारा उपचार आणि आध्यात्मिक आधार या दोहोंचा शोध कसा घेतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. धर्मविचार, आरोग्ययोजनांची रचना आणि जिल्ह्याचा भूगोल या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्यास उपचारातील विलंबाची कारणे श्रद्धेपेक्षा अंतर, रोख पैसा आणि सोबतीला माणूस नसणे यांत अधिक सापडतात. श्रद्धोपचार खरोखर घातक ठरतो, असे काही मोजके प्रसंग मात्र आहेत. सरसकट टीकेच्या गदारोळात नेमके तेच प्रसंग नजरेआड होतात.

जिल्हा आणि समाज

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजारांच्या आसपास असून तीत मुस्लिमांचे प्रमाण अकरा टक्क्यांहून अधिक आहे. मिरकरवाडा, राजिवडा, साखरतर, जयगड, दाभोळ, हर्णै, केळशी, साखरी नाटे अशा बंदरांवर व खाड्यांच्या काठी, तसेच खेड व चिपळूण तालुक्यांतील आतल्या गावांत ही वस्ती आहे. यांतील बहुसंख्य कोकणी मुस्लिम होत. घरात कोकणी बोली, व्यवहारात मराठी आणि धार्मिक शिक्षणात उर्दू व अरबी अशी त्यांची भाषिक रीत आहे. भारतातील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी पंथाचे असले, तरी कोकणी मुस्लिम शाफई पंथाचे आहेत. अरबस्तानाशी समुद्रमार्गे असलेल्या जुन्या संबंधांची ही खूण मानली जाते.

याच जनगणनेतील दुसरा आकडा आरोग्याच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आहेत. कर्ता पुरुष मुंबईत, जहाजावर किंवा आखाती देशात असतो आणि गावी वृद्ध, स्त्रिया व मुले राहतात. ही स्थिती सर्वच समाजांची आहे. मुस्लिम वस्त्यांत तिला आखाती नोकरीची आणि मासेमारीची जोड मिळते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. लेप्टोस्पायरोसिस, हिवताप आणि पोटाचे विकार नेमके याच पावसाळ्यात बळावतात. खलाशाच्या घरात रोख आटते आणि आजार वाढतात, ते एकाच वेळी. 'स्वस्त उपचार' या शब्दांचा अर्थ म्हणूनच ऋतूगणिक बदलतो. जानेवारीत परवडणारी तपासणी जुलैत परवडत नाही.

धर्मविचारातील उपचार

इस्लामी परंपरेत औषधोपचार हा श्रद्धेच्या उणिवेचा पुरावा मानलेला नाही. ईश्वराने आजार निर्माण केला तसा त्यावरील उपायही निर्माण केला आहे, अशा आशयाची हदीस सर्वमान्य संग्रहांत आहे आणि उपाय शोधणे हे तिच्यावरून कर्तव्याच्या जवळ जाते. रोगाची साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये व तेथून बाहेरही पडू नये, हा प्रेषितांचा आदेश कोविडच्या काळात मशिदींतून वारंवार सांगितला गेला. आणखी एक हदीस तुलनेने कमी उद्धृत होते, पण प्रस्तुत विषयात तिचे महत्त्व मोठे आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीस जबाबदार ठरतो, असा तिचा आशय आहे. भोंदूगिरीविरुद्ध बोलू पाहणाऱ्याला धर्मग्रंथाबाहेर जाण्याची गरज पडू नये.

कुराणातील आयती पठण करून रुग्णावर फुंकर घालणे किंवा पाण्यावर दम करणे याला 'रुकया' म्हणतात. तो कोणत्या अटींवर ग्राह्य आहे, हे शाफई पंथाचे थोर हदीसवेत्ते इब्न हजर अस्कलानी (मृत्यू १४४९) यांनी नोंदवून ठेवले आहे. पठण ईश्वराच्या वचनांचे अथवा नावांचे असावे, ते अर्थ समजेल अशा भाषेत असावे आणि गुण पठणाच्या अंगी नसून ईश्वराच्या इच्छेत आहे अशी धारणा असावी, अशा त्या तीन अटी आहेत. अगम्य आकृत्या, निरर्थक शब्द आणि हमखास गुणाची हमी या तिन्ही गोष्टी या कसोटीवर बाद होतात. ताइताबाबत मात्र एकमत नाही. बरेलवी परंपरेत त्याला व्यापक मान्यता आहे. देवबंदी उलेमा अटींसह परवानगी देतात. अहले हदीस विचाराचे लोक त्याला बहुतांशी विरोध करतात. एकाच मोहल्ल्यात, कधी एकाच घरात, ही तिन्ही मते नांदतात. त्यामुळे 'मुस्लिम समाज ताइतावर विश्वास ठेवतो' असे सरसकट विधान शास्त्रदृष्ट्या टिकत नाही.

रमजानच्या रोज्यांबाबतही असेच आहे. आजारी व प्रवासी यांना रोजे पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुराणात, सूरह बकरामध्ये दिलेली आहे. तरीही सवलत घेण्यास रुग्णच नाखूष असतो. भारतासह तेरा देशांत २००१ मध्ये झालेल्या 'एपिडायर' या अभ्यासात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी किमान पंधरा दिवस रोजे ठेवल्याचे आढळले. साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचे प्रमाण या रुग्णांत रमजानमध्ये साडेसात पटींनी वाढलेले दिसले. 'रोजा धरू नका' एवढेच सांगून थांबणाऱ्या डॉक्टरांचे हा रुग्ण ऐकत नाही, आणि पुढच्या वर्षी तो त्यांना विचारतही नाही. सहरी व इफ्तारच्या वेळांनुसार गोळ्यांची मात्रा बदलून देणारा आणि साखर किती उतरल्यास रोजा सोडलाच पाहिजे हे आकड्यात सांगणारा डॉक्टर त्याला हवा असतो. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही आणि पोषण न देणाऱ्या इंजेक्शनानेही तो तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. हा खुलासा पेशइमामांकडून आला तर त्याचा परिणाम माहितीपत्रकापेक्षा निश्चितच अधिक होतो.

पीर, पेशइमाम आणि गाव

कोकणातील पिरांचा संबंध केवळ मुस्लिमांशी नाही. दापोली तालुक्यातील केळशीच्या याकूत बाबांविषयी छत्रपती शिवाजी महाराजांना आदर होता, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासात सुपरिचित आहे. रत्नागिरीजवळच्या हातिस गावातील पीर बाबरशेख यांचा माघ पौर्णिमेच्या सुमारास होणारा उरूस हिंदू ग्रामस्थांच्या पुढाकाराने साजरा होतो. नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कोकणातील शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मागवली होती. त्यांच्या हत्येनंतर एन्थोव्हेन यांनी ती संपादित करून १९१५ मध्ये ग्रंथरूप दिले. रोग, दृष्ट, बाधा यांवरील उपायांनी भरलेल्या त्या ग्रंथात मुस्लिम पिरांना मानणाऱ्या हिंदूंचाही उल्लेख येतो. पिराकडे जाणे ही कोकणची सामाईक रीत आहे. तिला एका धर्माची खोड समजणे इतिहासाला धरून नाही.

दर्ग्यात रुग्णाला मिळते काय? गुरुवारची हाजिरी, लोबानाचा धूर, फातिहा, नवस बोलणे आणि फेडणे, हे त्याचे बाह्य रूप होय. मात्र तेथे प्रवेशासाठी चिठ्ठी काढावी लागत नाही. किती वेळ बसायचे याला मर्यादा नसते. विशेषतः स्त्रीला आपले दुःख मोठ्याने बोलता येते, रडता येते आणि त्याबद्दल कोणी तिला वेडी ठरवत नाही. बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. त्यात वंध्यत्वाचे दुःख किंवा दोन वर्षे घरी न आलेल्या पतीची काळजी मावत नाही. याचा अर्थ दर्गा रुग्णालयाची जागा घेतो असा नव्हे. रुग्णालयाने जे आपले काम मानलेले नाही, ते तेथे होते.

गावपातळीवर दर्ग्यापेक्षाही पेशइमाम अधिक जवळचा असतो. मूल रात्री दचकून रडू लागले की आई ते मशिदीच्या दारात नेते. मगरीबच्या नमाजानंतर बाहेर पडणारे नमाजी त्याच्यावर फुंकर घालतात. यात पैसा लागत नाही आणि वेळही जात नाही. तेच मूल तापाने फणफणलेले असेल तर त्याला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, हे सांगण्याची सर्वांत योग्य जागाही तीच आहे. पैशाचा व्यवहार सुरू होतो तो या दोघांपलीकडच्या तिसऱ्या माणसाकडे. भिंतींवरच्या आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींतून हमखास गुणाची ग्वाही देणारा 'बाबा' तो हाच. ताईत, मंत्र यांनी रोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने बंदी आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला, भिंती मात्र अजून रंगवल्या जातात.

परवडण्याचा हिशेब

शासकीय योजनांची यादी आज लहान नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये रत्नागिरीसह संपूर्ण राज्याला लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्ष पाच लाख रुपयांपर्यंत वाढवून ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्यात आली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. दापोली, कामथे आणि कळंबणी येथील उपजिल्हा रुग्णालये, तसेच ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे या विभागाकडे आहेत. रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. चिपळूण तालुक्यात डेरवणचे वालावलकर रुग्णालय धर्मादाय तत्त्वावर चालते आणि तेथे २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे.

मग अडते कोठे? विमायोजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. रक्तदाब, मधुमेह, दमा, सांधेदुखी यांची महिनोनमहिने चालणारी औषधे आणि बाह्यरुग्ण तपासण्या तिच्या कक्षेत येत नाहीत. कुटुंबाचा खिसा एका मोठ्या शस्त्रक्रियेने रिकामा होतो, तसाच तो या लहान, न संपणाऱ्या खर्चानेही होतो. दुसरी अडचण कागदांची आहे. शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव जुळले पाहिजे. कोकणी मुस्लिमांत नाव, वडिलांचे नाव आणि गावावरून किंवा व्यवसायावरून पडलेले आडनाव यांचे लेखन उर्दू, मराठी आणि इंग्रजीत वेगवेगळे होते. शेख, शेक, शैख ही एकाच माणसाची तीन रूपे तीन कागदांवर आढळतात. लग्नानंतर माहेरच्या शिधापत्रिकेवरून नाव कमी झालेले आहे, पण सासरच्या पत्रिकेवर चढलेले नाही, अशा नववधूची अवस्था तर अधिकच बिकट असते. हे दोष आजारपणातच उघडकीस येतात, आणि आजारपणात तहसील कार्यालयात खेपा घालायला माणूस नसतो.

तिसरा खर्च कोणत्याच योजनेत धरलेला नाही. गाडीभाडे, सोबत्याचे जेवण, बुडालेली मजुरी आणि मोठ्या शहरात रात्री टेकायला जागा, हा तो खर्च. रुग्ण मुंबईला हलवला तर उपचार निःशुल्क मिळूनही कुटुंब कर्जात जाऊ शकते. २६ जानेवारी २०१४ पासून सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने तातडीचा प्रवास सुकर केला. परतीचा प्रवास आणि पुढच्या तपासणीच्या फेऱ्या ज्याच्या त्यालाच कराव्या लागतात.

मोठ्या खासगी धर्मादाय रुग्णालयांबाबतचा एक हक्क फारसा माहीत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. हा लाभ धर्म वा जात पाहून नव्हे, तर उत्पन्न पाहून मिळतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरातून निघतानाच सोबत असणे येथे निर्णायक ठरते. मुंबईत पोहोचल्यावर तो मागवणे म्हणजे पुन्हा तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रश्न.

जकातीची व्यवस्था

शासकीय योजनेची ही फट मुस्लिम वस्तीत बऱ्याच अंशी जकातीने भरली जाते. किमान मर्यादेहून अधिक संपत्ती एक चांद्रवर्ष बाळगणाऱ्याने तिच्या अडीच टक्के रक्कम द्यावयाची असते आणि ती कोणाला द्यावी याचे आठ वर्ग कुराणातील सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. गरीब, गरजू, कर्जबाजारी आणि वाटसरू यांचा त्यांत समावेश आहे. परगावी उपचारासाठी अडकलेला रुग्ण यांपैकी एकाहून अधिक वर्गांत बसू शकतो.

जकातीच्या नियमांतील एक बारकावा अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. बहुसंख्य फकीहांच्या मते जकात गरिबाच्या मालकीत गेली पाहिजे. तिच्यातून रुग्णालयाची इमारत बांधणे किंवा यंत्रसामग्री घेणे त्यांना मान्य नाही. म्हणूनच गावची जमात किंवा न्यास रुग्णाकडून अधिकारपत्र घेऊन त्याच्या वतीने रुग्णालयाचे देयक भरतो, अथवा रक्कम थेट रुग्णाच्या हाती देतो. इमारतीसाठी वेगळी ऐच्छिक देणगी, म्हणजे सदका किंवा इमदाद, गोळा करावी लागते. परिणामी समाजातील दानाचा मोठा प्रवाह एकेका रुग्णाच्या एकेका देयकाकडे वळतो आणि कायमस्वरूपी आरोग्यव्यवस्था उभी करण्यासाठी पैसा अपुरा पडतो. या नियमामागचे मानवी मूल्य स्पष्ट आहे, कारण घेणाऱ्याची प्रतिष्ठा त्यात राखली जाते. परंतु नियोजनाच्या दृष्टीने तो मर्यादाही घालतो, हे मान्य करावे लागेल.

कोकणात ही कामे गावोगावच्या 'जमातुल मुस्लिमीन' संस्था करतात. अनेक गावांच्या जमातींच्या शाखा मुंबईत आणि आखाती देशांतही आहेत. गावी असलेल्या स्त्रीने फोन केला की मुंबईतील कोणी नातलग वा गावकरी रुग्णालयात रांगेत उभा राहतो, रक्तदाते जमवतो, मुक्कामाची सोय पाहतो. जिल्ह्याच्या स्त्री-पुरुष प्रमाणातून दिसणारी पुरुषांची उणीव ही स्थलांतरितांची साखळीच काही प्रमाणात भरून काढते. तिला दोन मर्यादा आहेत. जकातीचा ओघ रमजानमध्ये भरून येतो, तर आजार बारा महिने येतात. शिवाय साखळी ज्यांचे कोणी बाहेरगावी आहे त्यांनाच आधार देते. गावातील सर्वांत गरीब घर बहुधा तेच असते, ज्याचे कोणी कोठेच गेलेले नाही.

घाटावरची वाट : मिरज

रत्नागिरीचा रुग्ण केवळ मुंबईकडेच जातो असे नाही. आंबा घाट चढून कोल्हापूर आणि पुढे मिरज, ही त्याची जुनी वाट आहे. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आणि मिरजेचे १९६२ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही या वाटेवरची शासकीय ठाणी होत. पण मिरजेची ख्याती त्याहून जुनी आहे. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू केले आणि मिरज हे दक्षिण महाराष्ट्राचे वैद्यकीय केंद्र बनले.

त्याच मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांना येथे आजारातून उतार पडला आणि त्यानंतर ते मिरजेतच राहिले, असे सांगितले जाते. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफन याच दर्ग्याच्या आवारात झाले. आजही तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. एकाच गावात ख्रिस्ती मिशनचे रुग्णालय आणि सूफी संताचा दर्गा असणे रुग्णाला कधी विसंगत वाटले नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दर्ग्यात हाजिरी आणि दुसऱ्या दिवशी मिशनमध्ये भरती, हा क्रम मिरजेच्या रचनेतच होता. मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील, म्हणजे १९४१ पासून कर्करोगावर उपचार करणाऱ्या संस्थेतील, रुग्णाचे नातेवाईक माहीमला मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) यांच्या दर्ग्यात जातात. मखदूम साहेब स्वतः कोकणचे विद्वान आणि कुराणाचे भाष्यकार होते, त्यामुळे कोकणी माणसाला ते परके वाटत नाहीत. डेरवणच्या रुग्णालयामागे हिंदू भक्तिपरंपरेची प्रेरणा आहे. तेथे जाताना मुस्लिम रुग्ण थबकत नाही, कारण गुण आणि खर्च हेच त्याचे निकष असतात.

वेळ निर्णायक असते तेव्हा

आतापर्यंतच्या विवेचनात दवा आणि दुआ सोबतीने चालताना दिसल्या. काही आजारांत मात्र आधी कोण आणि नंतर कोण यावरच जीव अवलंबून असतो. कोकणातील लाल विंचवाचा दंश हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. या विषाने हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरते आणि रुग्ण, विशेषतः लहान मूल, काही तासांत दगावू शकते. रत्नागिरीला लागून असलेल्या रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरील स्वस्त गोळीचा उपयोग १९८० च्या दशकात दाखवून दिला. त्यामुळे मृत्यूचे प्रमाण कमालीचे घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. येथे उपचार महाग नाही, दूरही नाही. त्याचा उपयोग फक्त वेळेत घेतल्यास होतो. विंचू उतरवणाऱ्याकडे गेलेले दोन तास कोणतीही योजना परत देऊ शकत नाही. सर्पदंशात प्रतिविषाबाबतही हेच खरे आहे. विषारी नसलेल्या सापाचा दंश आपोआप बरा होतो आणि त्याचे श्रेय मंत्राला मिळते. पुढच्या, खरोखर विषारी दंशाच्या वेळी हेच श्रेय घात करते.

नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यावर रुग्णाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे त्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करणारे घर, मंदिर, दर्गा, गुरुद्वारा, चर्च येथील धार्मिक विधी मात्र त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. ही विभागणी विचारपूर्वक केलेली आहे. फुंकर मारणे गुन्हा नाही, दवाखान्याच्या वाटेत आडवे येणे गुन्हा आहे. इब्न हजर यांच्या तीन अटी आणि २०१३ चा हा कायदा यांच्यातील अंतर वाटते तितके मोठे नाही.

मनाचा आजार

सर्वांत अवघड प्रश्न मानसिक आजाराचा आहे, कारण येथे रुग्णाला दर्ग्यात खरोखर बरे वाटते. तमिळनाडूतील एका मंदिरात राहिलेल्या ३१ मनोरुग्णांची पाहणी रघुराम व सहकाऱ्यांनी केली होती. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, औषधाविना सुमारे सहा आठवड्यांच्या मुक्कामात रुग्णांची लक्षणे सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास कमी झालेली आढळली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा निष्कर्ष जपून वापरावा लागतो. तथापि सुरक्षित जागा, नियमित दिनक्रम आणि सोबतीला घरचे माणूस यांचे मोल त्यातून दिसते. भार्गवी दावर व मधुरा लोहोकरे यांनी २००९ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त महाराष्ट्रातील दर्ग्यांवर लिहिताना हीच बाजू पुढे आणली होती.

याच्या दुसऱ्या टोकाला एरवाडी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. पळून जाणे त्यांना शक्यच नव्हते. २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ९५ ने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. ही मनाई दर्ग्याला लागू आहे, मठाला आहे आणि घराच्या पडवीलाही आहे. पडवीतील साखळी कोणाला दिसत नाही, एवढाच फरक.

गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम चालवण्यात आला. दर्ग्याचे मुजावर आजाराची लक्षणे ओळखण्यास शिकले आणि त्यांनीच रुग्णाला आवारातील मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे, अशी व्यवस्था ठरली. प्रार्थना थांबवण्याची अट कोणी घातली नाही. औषध चालू असताना दुआ करण्यास डॉक्टरांची हरकत नव्हती आणि दुआ चालू असताना औषध घेण्यास मुजावरांची नव्हती.

रत्नागिरीची परिस्थिती एका दृष्टीने उनाव्याहून अनुकूल आहे. १८८६ पासूनची परंपरा असलेले, राज्यातील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक, खुद्द रत्नागिरी शहरात आहे. पण त्या आवाराविषयीची भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. घरातील मुलीला तेथे नेले हे कळले तर तिचे लग्न ठरणार नाही, ही धास्ती हिंदू आणि मुस्लिम घरांत सारखीच आहे. 'असर झाला आहे', 'बाहेरचे आहे' असे म्हटले की दोष बाहेरच्या शक्तीवर जातो आणि घराण्याची अब्रू राहते. दर्ग्याची निवड येथे उपचाराची तशीच गोपनीयतेचीही असते. त्यामुळे मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत न जाता, तालुक्याच्या रुग्णालयातील सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागातच मनोविकारांची तपासणी होणे या कुटुंबांना अधिक सोयीचे जाते.

शिवाय उनाव्यासारखा हजारोंचा एकच दर्गा या जिल्ह्यात नाही. लहान लहान पीर गावोगाव विखुरलेले आहेत. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर बसवणे शक्य नाही. येथे दुवा साधायचा तर तो पेशइमाम आणि आशा कार्यकर्ती यांच्यामध्येच साधावा लागेल. पुरुषांचे बोलणे एकाच्या कानी पडते, स्त्रियांचे दुसरीच्या. झोप उडालेली, आवाज ऐकू येणारी, बाळंतपणानंतर बाळाकडे पाहीनाशी झालेली स्त्री या दोघांपैकी एकाला तरी आधी ठाऊक असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. त्यासाठी घाट चढावा लागत नाही, शिधापत्रिका दाखवावी लागत नाही आणि फाटकाशी कोणी पाहण्याचा प्रश्नही येत नाही. जमातीच्या सूचनाफलकावर नमाजाच्या वेळा रोज बदलून लिहिल्या जातात. त्यांच्या खाली हा क्रमांक लिहिण्यापुरती जागा प्रत्येक फलकावर आहे.